माझं लायसन अकोल्यात अडकलं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण एकदा मी सांगायला लागले की मधे थांबणार नाही. आणि हातात चहा असेल तर तो आधी खाली ठेवा. मागच्या वेळी ही गोष्ट ऐकताना माझ्या नणंदेच्या नाकातून चहा आला होता. ती चूकही माझ्याच खात्यावर पडली.

तर माझं अमरावतीत ब्युटी पार्लर आहे. अठरा वर्षं झाली. भुवया, केस, फेशियल, नवरी तयार करणं, सगळं करते. माझं तोंड चालतं आणि हात त्याहून जास्त चालतो. अशा या सगळं चांगलं चाललेल्या बाईच्या डोक्यात काही वर्षांपूर्वी आलं की आपण गेलेल्या माणसांना तयार करायचं काम शिकावं. रीतसर. लायसन घेऊन.

बघा, झालं ना तोंड वाकडं? आमच्या ह्यांचंही असंच झालं होतं. हे शाळेत क्लार्क आहेत, त्यामुळे घाबरायला यांना कारण लागत नाही. म्हणाले, उद्यापासून गल्लीतली एक बाई तुझ्याकडून भुवया करून घ्यायची नाही. मी म्हटलं, राहू द्या, निदान नव्या गिऱ्हाइकांकडून सुनांच्या तक्रारी तरी ऐकाव्या लागणार नाहीत.

पण खरं कारण सांगते. माझी आई गेली तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. आणि आईला आंघोळ घालून तयार कोण करणार, असं म्हटल्यावर सगळ्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणाला जमत नव्हतं, कुणाची हिंमत होत नव्हती. आणि मी, रोज दहा बायकांना तयार करणारी, कोपऱ्यात बसून नुसती रडत होते. तेव्हा आमच्या गल्लीतली रुक्मामावशी आली. सख्खी मावशी नव्हे, सगळ्या गल्लीचीच मावशी. तिनं कुणाला काही विचारलं नाही. पाणी तापवायला सांगितलं, पदर खोचला आणि कामाला लागली. शेवटी तिनं आईचा भांग पाडला, आई पाडायची तसा, जरासा डावीकडं. आई मला शेवटची दिसली ती आईसारखी दिसली. ते मी कधी विसरणार नाही.

तेव्हाच ठरवलं, हे काम आपल्याला यायला हवं.

आता लायसनचं खूळ कुठून आलं? माझा भाचा परदेशात असतो. त्याच्याकडून कळलं की तिकडं या कामाचं कॉलेज असतं, परीक्षा असते, एखाद्या जाणत्याच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते आणि मग सरकार लायसन देतं. लोक ते फ्रेम करून भिंतीवर लावतात. फ्रेम म्हटल्यावर मी पेटलेच. पार्लरच्या भिंतीवर माझी तीन सर्टिफिकेटं आहेत आणि चौथ्याची जागा किती दिवस रिकामी होती.

गेले एका सरकारी कार्यालयात. तिथल्या साहेबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, हे ब्युटी पार्लरमध्ये टाकायचं की मंडप डेकोरेशनमध्ये? त्यांच्या यादीत तिसरं काही बसत नव्हतं. मग त्यांनीच मला समजावलं, की लायसन असतं ते गिऱ्हाइकाला तक्रार करता यावी म्हणून. आता तुमचं गिऱ्हाईक आमच्यापर्यंत तक्रार घेऊन कसं येणार, मॅडम?

मेडिकल कॉलेजात चौकशी केली. तिथं देह टिकवायचं शास्त्र होतं, पण ते डॉक्टर लोकांसाठी. भांग कसा पाडायचा हे तिथं कुणी शिकवत नव्हतं. शेजारच्या मोहल्ल्यातल्या शकीला आपा त्यांच्यातल्या बायकांना शेवटची आंघोळ घालायला जातात, त्यांनाही विचारून पाहिलं. त्या गोड हसल्या आणि म्हणाल्या, “बेटी, इसका लायसन ऊपर से आता है.” म्हणजे तिथंही लगेच काही मिळण्यासारखं नव्हतं.

शेवटी रुक्मामावशीकडंच गेले. मावशीजवळ एक पत्र्याची पेटी आहे. आत लाकडी फणी, कात्री, कापूस, चंदनाचं खोड, कुंकवाचा करंडा. पेटीचा रंग कधीच उडालाय, पण ती दिसली की गल्लीतली माणसं बाजूला होऊन वाट देतात. मी लायसनचं काढलं तेव्हा मावशीनं त्या पेटीवर हात ठेवला.

“लायसन-बियसन मले समजत नाही. एक मयत तू एकटीनं नीट केलं, कोनाची तक्रार आली नाही, का हे पेटी तुही. मंग लोकं मले सोडून तुलेच बोलावतीन. ते तुह्यं लायसन.”

मला पटलं. पेटी फ्रेममध्ये बसणार नव्हती, पण पार्लरात काउंटरवर ठेवता आली असती. ह्यांना ही कल्पना मी अजून सांगितलेली नाही.

मग वर्षभर मावशीच्या मागं फिरले. पाणी आणायचं, टॉवेल धरायचा, बघायचं. मावशीचं शिकवणं म्हणजे फार थोडं बोलणं. ती म्हणायची, मयताच्या घरी कुणाला काही विचारायचं नाही. कोण गेलं, कसं गेलं, ज्याचं त्याला माहीत असतं. आपण हात जोडायचे, गरम पाणी मागायचं आणि कामाला लागायचं. सुरुवात पायांपासून, तोंड सगळ्यात शेवटी, म्हणजे तोवर आपला हात स्थिर होतो. आणि एक गोष्ट ती दर वेळी सांगायची: एकदा पायाला पाणी लावलं की ती बाई तुझी, मधे सोडून उठायचं नाही.

न बोलणं हीच माझी अडचण होती. पहिल्यांदा केस विंचरायला बसले आणि सवयीनं विचारलं, “काकू, लांबी ठेवायची की थोडी कमी करू?” मावशीनं मांडीला असा चिमटा काढला की आठवडाभर निळं होतं. त्या दिवसापासून मयताच्या घरी मी ओठ शिवून टाकले. तोंडातून शब्द काढायचा नाही, एक अक्षर विचारायचं नाही. पुढचं जे काही झालं, ते या आज्ञाधारकपणामुळं झालं हे ध्यानात ठेवा.

डिसेंबरची सकाळ होती. नुकतं उजाडलं होतं आणि मावशीचा फोन आला. अकोल्यात, तिच्या माहेरच्या गल्लीत, एक बाई गेली होती. सवाष्ण. लेक वरूडहून निघाली होती, ती येईपर्यंत थांबणार होते. मावशीला बोलावणं होतं, पण थंडीनं तिचे गुडघे धरले होते. म्हणाली, तू जा. एकटी.

मी घर कोणतं, नाव काय विचारायला लागले तर मावशी वैतागली. “मारुतीच्या देवळामागची गल्ली. नाव काहून पायजे तुले? मयताचं घर दारावरूनच समजते.”

पेटी तिनं दिली नाही. पेटी काम झाल्यावर. म्हणून मी सगळं सामान माझ्या पार्लरच्या पेटीत भरलं. ही माझी पेटी गुलाबी आहे आणि झाकणाला आतून आरसा आहे. दुसरी नव्हती, काय करू? पांढरी साडी नेसले, अकोल्याची बस धरली आणि दोन तास गप्प बसायचा सराव केला. शेजारच्या बाईनं तीनदा बोलायचा प्रयत्न केला, तिला मी नुसती मान हलवली. उतरताना तिनं माझ्या दंडावर हात ठेवून, सगळं ठीक होईल, असं सांगितलं.

देवळामागच्या गल्लीत शिरले. पहिल्याच घरासमोर ही गर्दी. माणसं घोळक्यानं उभी, हातात चहाचे कप, संत्र्याच्या बागांवर आणि निवडणुकीवर मोठमोठ्यानं चर्चा, मधेच कुणीतरी खो-खो हसलं. मी म्हटलं, वा, कुणाकडं तरी मंगलकार्य दिसतंय, आणि नजर खाली करून पुढं गेले.

चार घरं सोडून दुसरं घर. दारात बांबू पडलेले.

आता मला सांगा, घराच्या दारात बांबू टाकलेले दिसले तर आपल्याकडं माणूस काय समजतो? अंगणात तीन पुरुष खुर्च्यांवर बसलेले, तिघांची तोंडं तीन दिशांना, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. ओसरीवर एक गुरुजी मान खाली घालून दर्भ वेगळे करत होते. ताटात हार, शेजारी नारळ. आणि दाराजवळ शाल पांघरून एक आजोबा शून्यात नजर लावून बसलेले. मावशी म्हणाली ते खरं, घर दारावरूनच कळतं.

मला त्या आजोबांची इतकी दया आली की मावशीचा नियम मोडून मी दोन शब्द बोलले. वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, “बाबा, धीर धरा.”

आजोबांनी माझ्याकडं पाहिलं. “साठ वर्सं झाले बाई, धरूनच हाओ.”

मला भरून आलं. केवढा हा संसार, आणि केवढं हे दुःख! डोळे पुसून आत गेले. दारात घरातली थोरली सून उभी होती, डोळे लालबुंद. मी हात जोडले. तिनं माझ्याकडं पाहिलं, माझ्या गुलाबी पेटीकडं पाहिलं, आणि ओठ घट्ट मिटून हनुवटीनं आतली खोली दाखवली. मी हलक्या आवाजात गरम पाणी मागितलं. तिनं ते आणून आदळलं. दुःखात माणूस असं करतं, मी मनाला लावून घेतलं नाही. उलट तिच्या खांद्यावर हात ठेवला. तशी ती माझ्या गळ्यातच पडली आणि हुंदके द्यायला लागली.

“ताई, माह्यं या घरात कोनी ऐकत नाही. कोनीच नाही.”

सासू गेल्यावर सून असं का म्हणेल, हा विचार माझ्या डोक्यात यायला हवा होता. नाही आला. मी तिची पाठ थोपटली, तिला बाहेर पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

खोलीत चटईवर आजी होत्या. गळ्यापर्यंत जाड गोधडी, डोळे मिटलेले. उशाशी हिरवी कोरी साडी, बांगड्या, गजरा, तुळशीची जुडी, गंगाजल. सगळी तयारी जिथल्या तिथं. मी मनात म्हटलं, घरचे दुःखात आहेत पण काही विसरले नाहीत.

तोंडाकडं बघायचं नव्हतं, तशी माझी हिंमतही नव्हती. पायांशी बसले. पाय गारठलेले. आणि टाचा पाहिल्या तर काय सांगू, भेगाच भेगा. आयुष्यभर अनवाणी राबलेले पाय होते ते. आता मावशी असती तर पाणी घालून पुसले असते. पण मी पार्लरवाली, भेगा बघून माझा हात कसा थांबणार? म्हटलं, शेवटचंच आहे, कसर कशाला ठेवायची? गरम पाण्यात पाय बुडवले, दगडानं टाचा घासल्या, नखं कापली, कोमट तेल लावून एकेक बोट चोळलं. मधे एकदा उजव्या पायाचा अंगठा हलला. मी घाबरले नाही. मावशीनं सांगून ठेवलं होतं की कधीकधी अंग जरासं हलतं. मी अंगठ्यावर हलकेच थापटलं आणि तो गप्प झाला.

मग हात, जरा कोमट लागले, पण म्हटलं माझ्याच तेलाची ऊब. मग बांगड्या, एकही न फोडता. भांग कसा पाडायचा ते कुणाला विचारायचं नव्हतं, म्हणून भिंतीवरचा दोघांचा जुना फोटो पाहिला. मधोमध भांग. उशाशी मागच्या बाजूला बसून केस विंचरले, भांग पाडला, अंबाडा घातला, गजरा माळला. आईची आठवण आली. भांग मात्र सरळ आला. तेवढ्यापुरती मी स्वतःवर खूश होते, खोटं कशाला बोलू.

साडी नेसवायला दुसरी बाई लागते, म्हणून ती मागं ठेवली. कुंकू लावलं. तुळशीचं पान ओठांवर ठेवलं आणि गंगाजलाची बाटली उघडायला वळले. परत बघते तर पान नाही.

पडलं असेल म्हणून गोधडीवर शोधलं. सापडलं नाही. दुसरं पान ठेवलं. बाटलीचं झाकण घट्ट होतं, ते काढून परत पाहिलं तर तेही गायब. आता मात्र तिसरं पान ठेवलं आणि ठरवलं की या वेळी नजर हलवायची नाही. नेमका तेव्हाच कमरेला खोचलेला फोन थरथरायला लागला.

मावशी होती. मी दाराकडं तोंड करून कुजबुजत म्हटलं, “मावशी, झालंच. फक्त साडी राहिली.”

“कोनती साडी? तिथले लोकं मले फोनवर फोन करून राह्यले, बाई आली नाही म्हनून. कुठी हायेस तू?”

“मी इथंच आहे, मावशी. दोन तास झाले काम करतेय.”

मग मावशीनं अगदी सावकाश विचारलं, “मंग तू कोनाले करून राह्यली?”

आणि माझ्या पाठीमागून आवाज आला.

“बाई, तुळस पुरे झाली. आता काई गोडधोड असन तं दे. अन् पायाचं पानी थंड झालं वो.”

मी किती मोठ्यानं ओरडले ते मला माहीत नाही. पण पहिल्या घरासमोरच्या, चहा घेणाऱ्या माणसांनीसुद्धा ऐकलं म्हणे. पाण्याची बादली कलंडली, माझी गुलाबी पेटी उघडी पडली, आणि झाकणाच्या आरशात आजींना स्वतःचा अंबाडा दिसला. त्या उठून बसल्या होत्या आणि मान वळवून वळवून गजरा बघत होत्या.

दार उघडलं आणि सगळं घर आत. आजोबा, दोन्ही मुलं, जावई, दोन्ही सुना, मागं गुरुजी. काय झालं, काय झालं? मी भिंतीला टेकून उभी, हातात तुळस. खोटं बोलायचं सुचलं असतं तर बोलले असते, देवाशपथ. पण तोंडातून खरंच बाहेर पडलं. अमरावतीहून कशासाठी आले, कुणाकडं आले आणि दोन तास काय केलं, सगळं.

मग मला जे कळलं ते ऐका. त्या दिवशी आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. दारातले बांबू मांडवाचे, तुळस-गंगाजल पूजेचं, आणि आजी थंडीनं गोधडीत जरा पडलेल्या. मांडववाला ते टाकून आदल्या दिवशी जो गेला तो आलाच नव्हता, स्वयंपाकीही फिरकला नव्हता, म्हणून तिन्ही खुर्च्यांची तोंडं तीन दिशांना. सासूबाईंना पूजेसाठी छान तयार करायला धाकट्या सुनेनं पार्लरवाली ठरवली होती, थोरलीला न विचारता. त्यावरून सकाळीच दोघींचं वाजलं होतं. गुलाबी पेटी दिसल्यावर थोरलीनं मला धाकटीची पार्लरवाली समजून आत सोडलं, आणि खरी पार्लरवाली अजून आलीच नव्हती. आणि जिथं संत्र्यांवर चर्चा चालली होती, तिथंच ती बाई माझी वाट बघत पडून होती.

पूजेच्या दिवशी घरच्या लक्ष्मीला कुणी जिवंतपणी मयत समजून तयार करावं, याहून मोठा अपशकुन कोणता? थोरल्या मुलाचं तोंड लाल व्हायला लागलं होतं. मी रडायच्या बेतात होते. मावशीची पेटी तर गेलीच, आता इथून धड बाहेर पडता येतं की नाही याची काळजी होती.

आजींना कमी ऐकू यायचं. त्या एकेकाचं तोंड बघत होत्या. शेवटी आजोबांच्या शालीला धरून त्यांनी विचारलं, काय म्हणून राहिली ती बाई? आजोबा त्यांच्या कानाशी वाकले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “तुले मेलेली समजली ते!”

आजींनी विचार केला. पाय पुढं घेतले, तेल लावलेल्या टाचांवरून हात फिरवला.

“मंग मेल्यावर येवढे लाड होते का?” त्या म्हणाल्या. “हे मले कोनी आधी काहून नाही सांगतलं?”

आधी आजोबा हसले. मग धाकटी, मग तोंडाला पदर लावून थोरलीसुद्धा. हसू जरा ओसरल्यावर मी हात जोडून विचारलं, आजी, तुम्ही जाग्या होतात तर बोलला का नाहीत? आजोबांनी माझा प्रश्न त्यांच्या कानात ओरडला. आजींनी माझ्याकडं पाहिलं, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला.

“मी या घरात आल्यापासून सगळ्यायचे पाय धुतले. माह्ये आज पयल्यांदा कोनी धुतले. बोलली असती तं तू थांबली असती ना.”

थोरला मुलगा खाली बघायला लागला. मला मात्र रडू आलं, आणि या वेळी ते भीतीचं नव्हतं.

गुरुजींनी घसा खाकरला. पूजेला उशीर होत होता आणि दक्षिणेचाही प्रश्न असावा. त्यांनी जाहीर केलं की यात अशुभ काही नाही, जिवंत माणूस गेल्याची आवई उठली की उलट त्याचं आयुष्य वाढतं. घरच्यांच्या जिवात जीव आला. आजींनी तर तिथंच सगळ्यांना बजावून ठेवलं, “मी मरीन तवा हेच बाई बोलवा. हिचं काम मी पाहून घेतलं हाय.”

म्हणजे बघा, परदेशातल्या एवढ्या लायसनवाल्यांमध्ये एकाकडं तरी असेल का, खुद्द गिऱ्हाइकाची शिफारस?

मी तिथून पळत चार घरं मागं गेले. शेजारपाजारच्या बायकांनी मावशीला व्हिडिओ कॉलवर घेऊन सगळं आवरलं होतं. मला कुणी रागावलं नाही, कुणी विचारलंही नाही मी कोण. एका बाईनं हातात चहा दिला. मी त्या गेलेल्या बाईंच्या पायांशी बसले आणि मनातल्या मनात माफी मागितली. भांग कुणीतरी छान पाडला होता.

संध्याकाळी अमरावतीत येऊन मावशीसमोर उभी राहिले. मला वाटलं होतं ती बोलेल, चिडेल. पण ती गुडघे धरून इतकी हसली की मलाच तिला पाणी आणून द्यावं लागलं. मग मी हळूच पेटीचा विषय काढला. म्हटलं, मावशी, तक्रार तर कुणाचीच आली नाही.

मावशीनं डोळे पुसले. “त्या बुढीच्या पायाले पानी कोनं लावलं?”

“मी.”

“मंग ते बाई तुही झाली. मधात सोडून आली तू. ते पुरं कर, मंग पेटी ने.”

आता आलं का ध्यानात, मी कुठं अडकले ते? या गोष्टीला तीन वर्षं होऊन गेली. माझं लायसन अकोल्यातल्या एका आजींवर अडकून आहे, आणि आजी ठणठणीत आहेत. दर महिन्याला त्यांचा फोन येतो की पाय दुखून राहिले, ये. आणि मी जाते. गरम पाणी, दगड, कोमट तेल. त्यांचे डॉक्टर म्हणाले, हे मालीश सुरू झाल्यापासून रक्ताभिसरण फार सुधारलंय, आजी आरामात नव्वदी गाठतील, चालू ठेवा.

मागच्या खेपेला तेल लावत होते, तर आजी म्हणाल्या, “तुह्यं ते लायसन माह्यामुळं अडकलं ना वो?” मी मान हलवली. त्यांनी जरा विचार केला आणि दुसरा पाय माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाल्या, मला काही घाई नाही, तुला आहे का?

तेल चोळून झाल्यावर त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोजल्या. दोन कमी पडत होत्या, त्या कोपऱ्यावरच्या दुकानातून मीच आणून दिल्या. वर सुनेला बजावलं की एकही चुकवू देऊ नका. परीक्षेला बसलेली माणसं पेपर एकदाचा पार पडावा म्हणून देवाला साकडं घालतात. मी दर महिन्याला बसनं अकोल्याला जाते आणि माझाच पेपर, माझ्याच हातानं, तेल लावून पुढं ढकलून येते.